किनाऱ्यावरून डॉल्फिन आणि पॉर्पॉइज पाहायचे असतील तर नजर कशी बसवावी?

सागरवाट (प्रश्न)

नमस्कार. समुद्रात थोड्या पुढे आलेल्या एका खडकाळ भूशिरावर गेल्या दोन महिन्यांत मी सहा वेळा जाऊन बसलो. त्या सहा फेऱ्यांमध्ये खात्रीने सांगता येईल असे एकदाच काही दिसले. किनाऱ्यापासून अंदाजे चार-पाचशे मीटरवर एक काळसर, लहानशी पाठ पाण्याबाहेर आली. तिच्यावर छोटा त्रिकोणी पर होता. चाक फिरावे तशी ती पुढे वळत खाली गेली, तसेच आणखी दोनदा झाले आणि मग पंधरा-वीस मिनिटे पाणी कोरेच राहिले. उडी नव्हती, पाणी उडाले नाही, डोकेही दिसले नाही. मी काय पाहिले तेच मला ठरवता येत नाही.

होडीतून जाण्याचा सल्ला बरेच जण देतात, परंतु तो मार्ग मला नको आहे. काही वर्षांपूर्वी एकदा मी तसा गेलो होतो, तेव्हा चार होड्यांनी एका लहान कळपाला तीन बाजूंनी घेरले होते. एक पिल्लू आईच्या कुशीला चिकटून पोहत होते आणि ती दोघे जिथे वर येतील तिथे होड्या धावत होत्या. ज्या होडीत मी बसलो होतो तीही त्यांपैकीच एक होती, हे मला आजही सलते. म्हणून आता या प्राण्यांना त्यांचे चालले आहे ते चालू देऊन, दुरून आणि जमिनीवरून पाहायचे असे ठरवले आहे.

माझ्या अडचणी अशा: समुद्रावर जाण्याची वेळ कशी निवडावी, दुर्बीण कोणती घ्यावी आणि नजर कशी फिरवावी, डॉल्फिन आणि पॉर्पॉइज (डॉल्फिनसारखाच, पण लहान आणि बोथट तोंडाचा सागरी सस्तन प्राणी) यांत दुरून फरक कसा करावा, आणि माझ्यासारख्या हौशी माणसाने नोंदी ठेवल्या तर त्यांचा काही उपयोग होतो का? अनुभवी सदस्यांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

किनारनोंद

ओळखीविषयी इतर जाणकार लिहितीलच, म्हणून मी पाहण्याच्या पद्धतीपुरते लिहिते. एकाच कड्यावरून मी चौदा वर्षे समुद्र पाहते आहे आणि माझे मत असे झाले आहे की दुर्बीण, ऋतू, घड्याळ या सगळ्यांच्या आधी पाण्याचा पृष्ठभाग पाहावा. तो साथ देणारा नसेल तर बाकी सारे जुळूनही हाती काही लागत नाही.

ब्रिटिश नौदलातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ साली वाऱ्याच्या जोराची जी श्रेणी मांडली, तिच्या पहिल्या चार पायऱ्या एवढेच आपल्याला लागते. शून्य म्हणजे आरशासारखे पाणी, एक म्हणजे खवल्यांसारखे बारीक तरंग, दोन म्हणजे लहान पण न फुटणाऱ्या लाटा, आणि तीनवर आले की लाटांचे माथे इथे-तिथे फुटून पांढरा फेस दिसू लागतो. पॉर्पॉइजचा पर जेमतेम वीतभर उंच असतो आणि त्याची पाठ पाण्यावर राहते ती एक-दोन सेकंद. अशा वेळी तीनच्या समुद्रात प्रत्येक फुटलेल्या लाटेची सावली पाठीसारखी भासते आणि खरी पाठ त्या गर्दीत हरवते. म्हणून पॉर्पॉइजसाठी मी शून्य किंवा एकच्या दिवसाची वाट पाहते आणि दोनचा दिवस नाइलाजाने स्वीकारते. मोठ्या डॉल्फिनांसाठी तीनपर्यंत बसायला हरकत नाही. तुम्ही गेलात त्या सहा दिवशी समुद्र कसा होता हे आठवून पाहा. त्यांतले चार-पाच दिवस मुळातच न दिसण्याचे असावेत, अशी मला शंका आहे. दूरवरून येणाऱ्या लांब, गुळगुळीत लाटेला मात्र भिऊ नये. वारा नसेल तर तिच्या उतारावर पाठ उलट अधिक स्पष्ट दिसते.

प्रकाशाचे म्हणाल तर सूर्य पाठीशी असावा. पाण्यावरच्या चकाकीच्या पट्ट्यात डोळे तासाभरात दमतात आणि त्या पट्ट्यातला समुद्र पाहूनही न पाहिल्यासारखाच राहतो. पातळ ढगांनी झाकलेले, सगळीकडे सारखा प्रकाश देणारे आकाश मला सर्वांत आवडते.

उंचीचा हिशेब सोपा आहे. डोळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला साडेतीनने गुणावे. क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळते. पुळणीवर उभ्या माणसाला ते साडेचार किलोमीटरवर असते, वीस मीटर उंच कड्यावर जवळजवळ सोळावर. अर्थात सोळा किलोमीटरवरचे पॉर्पॉइज कोणालाही दिसत नाही. उंचीचा खरा लाभ असा की नजर पाण्यावर तिरपी पडते आणि दोन लाटांमधली खोलगट जागाही दिसते, जी पुळणीवरून पुढच्या लाटेआड जाते.

दुर्बीण आठ पट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची पुरेशी आहे. दहा पटीची हातात थरथरते आणि तिचे दृश्यक्षेत्रही अरुंद असते. वीस-तीस पटीची, तिपाईवरची मोठी दुर्बीण ओळख पटवायला उपयोगी आहे, शोधायला नाही. शोध आधी उघड्या डोळ्यांनी घ्यावा. कोणत्याही एका लाटेकडे न पाहता सबंध पाणी नजरेत सामावून घ्यावे, आणि मग दुर्बिणीने डावीकडून उजवीकडे इतक्या सावकाश जावे की एका फेरीला सात-आठ मिनिटे लागतील. पॉर्पॉइज बहुतेक वेळा मिनिट ते तीन मिनिटे पाण्याखाली असते, त्यामुळे झरझर फिरणारी नजर नेमकी ते बुडालेले असतानाच तिथून पुढे निघून जाते. सुरय आणि कुरव एका जागी गोळा होऊन पाण्यात सूर मारत असतील तर मात्र फेरी मोडून तिथे थांबावे. पक्ष्यांना वरून जे मासे दिसतात, त्यांनाच खालून कोणी वर रेटत असण्याची शक्यता असते.

पाणी कोरे राहिले तरी नोंद ठेवा. "अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत, समुद्र एक, काही दिसले नाही" ही माझ्या वहीतली सर्वाधिक वेळा लिहिलेली ओळ आहे. कोणी किती वेळ पाहिले हेच ठाऊक नसेल, तर कितीदा दिसले या आकड्याला अर्थ उरत नाही.

नीलपृष्ठ

आपण केलेले वर्णन वाचून मी पॉर्पॉइज म्हणेन, आणि त्यातही आपण लिहिलेला "चाक फिरावे तशी" हा भाग मला सर्वांत बोलका वाटला. पॉर्पॉइज वर येते ते श्वासापुरते. कमानीसारखी पाठ, मध्यावर छोटा, रुंद बुडाचा त्रिकोणी पर, आणि लगेच खाली. असे तीन-चार छोटे श्वास घेऊन ते लांब बुडी मारते. त्याला चोच नसते, चेहरा बोथट असतो, पण किनाऱ्यावरून चेहरा दिसण्याचा योग विरळाच. दातांचा फरक, म्हणजे पॉर्पॉइजचे चपटे फावड्यासारखे आणि डॉल्फिनचे शंकूसारखे, पुस्तकात पहिला दिलेला असतो. दुरून पाहणाऱ्याला तो काही कामाचा नाही.

बाटलीनाक डॉल्फिन दोन ते चार मीटर लांबीचे, राखाडी, आणि त्याचा पर उंच व मागे कोयत्यासारखा वळलेला असतो. ते वर येताना पाणी ढवळते, वळते, शेपटी आपटते, उडी मारते. एकंदरीत आपले अस्तित्व लपवत नाही. उत्तर गोलार्धाच्या थंड किनाऱ्यांवर आढळणारे सामान्य पॉर्पॉइज दीड मीटरच्या आसपास भरते आणि एकटे किंवा दोन-तीनच्या जोडीने फिरते. आकार मात्र एकट्याने कधीच ठरवू नये. उघड्या पाण्यात आकाराचा अंदाज हटकून चुकतो, म्हणून जवळपास तरंगणारा कुरव किंवा बोया असेल तर त्याच्याशी तुलना करावी.

हिंदी महासागराच्या उथळ किनाऱ्यांवर आणखी दोन प्राणी लक्षात ठेवावे लागतात. पहिला कुबड्या डॉल्फिन. त्याच्या पाठीवर लांबट उंचवटा आणि त्या उंचवट्यावर लहानसा पर असतो. वर येताना त्याची लांब चोच तिरकी पाण्याबाहेर येते, आणि तो सहसा २५ मीटरहून उथळ पाण्यातच वावरतो, त्यामुळे किनाऱ्यावरून दिसण्याची शक्यता चांगली. किनाऱ्याला इतके चिकटून राहिल्यामुळेच जाळी, बंदरे आणि सांडपाणी यांचा फटका त्याला थेट बसतो आणि तो आज संकटग्रस्त मानला जातो. दुसरा म्हणजे बिनपराचे पॉर्पॉइज. त्याला पाठीवर पर नसतोच, केवळ एक बारीक उभारी असते. पाण्यावर टायरचा ओला तुकडा वर येऊन गेला असे वाटते, आणि शंभरांतल्या नव्वद जणांना तो प्राणी होता हे कळतही नाही.

चुका कुठे होतात तेही सांगतो. शार्कचा पर सरळ, एका उंचीवर पाणी कापत जातो आणि त्याच्यामागे शेपटीचे टोक डावी-उजवीकडे हलताना दिसते. डॉल्फिन आणि पॉर्पॉइज यांची शेपटी आडवी असते, म्हणून त्यांची चाल वर-खाली. सूर्यमासा एका कुशीवर पडून पर लुळा हलवतो आणि बराच वेळ तिथेच राहतो.

आणि एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली: कान उघडे ठेवा. पूर्ण शांत सकाळी पॉर्पॉइजचा श्वास ऐकू येतो, एखादी दबलेली शिंक असावी तसा "फुस्स". बऱ्याचदा मी आवाजाकडे वळलो आणि मगच पाठ दिसली.

भरतीरेषा

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, पण किनारनोंद यांनी भरती-ओहोटीचा उल्लेखही केला नाही याचे आश्चर्य वाटले. माझ्या मते शांत समुद्राइतकेच, काही जागी तर त्याहून अधिक, महत्त्व पाण्याच्या ओढीला आहे. भूशिराच्या टोकाला, सामुद्रधुनीत किंवा खाडीच्या तोंडाशी प्रवाह अरुंद जागेतून जातो, तिथे भोवरे आणि पाण्याच्या शिवणी, म्हणजे दोन प्रवाह भिडतात त्या रेषा, तयार होतात, आणि त्या शिवणींवर मासे गोळा होतात. शिकारी त्या वेळेला तिथे हजर असतो.

याचे सर्वांत नावाजलेले उदाहरण स्कॉटलंडमधील मोरे फर्थ या आखाताचे आहे. तिथल्या चॅननरी पॉइंट या चिंचोळ्या भूजिभेवर लोक ओहोटी संपून पाणी चढू लागण्याची वाट पाहत उभे राहतात, कारण चढत्या पाण्याबरोबर सामन मासे अरुंद वाटेने आत येतात आणि त्यांच्यामागे बाटलीनाक डॉल्फिन येतात. तेही इतक्या जवळ की दुर्बीण खाली ठेवावी लागते. दक्षिण ब्राझीलमधील लागुना येथे तर डॉल्फिन आणि मच्छीमार शंभराहून अधिक वर्षे एकत्र मासेमारी करत आले आहेत. माणसे कंबरभर पाण्यात फेकजाळे घेऊन रांगेने उभी राहतात, डॉल्फिन बोय माशांचा थवा त्यांच्याकडे हाकतात, आणि डॉल्फिनने एकदम बुडी मारल्याची खूण मिळाली की जाळी पडतात. या जोडीचा लाभ दोघांनाही होतो, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले.

परंतु एका जागेचा नियम दुसऱ्या जागेला लावू नये, हेही तितकेच खरे. चॅननरीला चढती भरती उपयोगी म्हणून तुमच्या भूशिरालाही तीच लागू पडेल असे नाही. कदाचित तुमच्याकडे उतरत्या पाण्याच्या दुसऱ्या तासाला गर्दी होत असेल. उधाणाच्या आणि भांगाच्या दिवसांतही फरक पडतो. त्यासाठी भरतीचे कोष्टक वहीला चिकटवा आणि प्रत्येक नोंदीपुढे "भरतीनंतर इतके तास" असे लिहा. असे केल्यास तुमची स्वतःची जागा वर्षभरात तुम्हाला उत्तर देईल.

सागरवाट (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. किनारनोंद, आपली शंका बरोबर निघाली. फोनमधील छायाचित्रे उघडून पाहिली, सहापैकी चार दिवशी समुद्रावर पांढरा फेस स्पष्ट दिसतो आहे. पॉर्पॉइजसारखे जे दिसले, ते उरलेल्या दोनपैकी एका दिवशी. एक विचारू का? मी "चार-पाचशे मीटर" असे लिहिले खरे, पण तो निव्वळ अंदाज आहे. अंतर मोजण्याची काही साधी रीत आहे का?

किनारनोंद

भरतीरेषा यांचे म्हणणे मला मान्य आहे. माझा कडा रुंद, उघड्या उपसागरावर आहे आणि तिथे प्रवाहाचा जोर कमी, म्हणून माझ्या वहीत भरतीचा ठसा उमटला नसावा. मी माझ्या जागेचा अनुभव सगळ्यांना लागू केला.

अंतराविषयी: संशोधक किनाऱ्यावरून मोजमाप करतात ते सर्वेक्षणाच्या थिओडोलाइट यंत्राने. यंत्र समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे हे माहीत असले, की प्राणी क्षितिजाच्या किती खाली दिसतो त्या कोनावरून अंतर काढता येते, आणि आडव्या कोनावरून दिशा. भरतीने पाणी वर-खाली होते तेवढी उंची दर वेळी दुरुस्त करावी लागते. कडा जितका ठेंगणा, तितकी चूक मोठी. बर्न्ड आणि मेलनी व्युर्सिग या दांपत्याने १९७० च्या दशकात अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावर या पद्धतीने डॉल्फिनांचे मार्ग टिपले. परांवरच्या खाचा आणि ओरखडे यांची छायाचित्रे घेऊन एकेक डॉल्फिन वेगळा ओळखता येतो, हेही त्यांनी १९७७ साली मांडले. प्राण्याला स्पर्श न करता किनाऱ्यावरून एवढे कळू शकते, ही गोष्ट मला आजही उमेद देते.

आपल्यापुरते एवढे करा: नकाशावर अंतर मोजता येईल असे दोन-तीन बोये किंवा खडक निवडा आणि "पहिल्या बोयाच्या अलीकडे, दुसऱ्याच्या पलीकडे" असे लिहा. मीटरचा पोकळ आकडा लिहिण्यापेक्षा हे अधिक प्रामाणिक आहे.

शांतजल

होडीविषयी तुम्ही लिहिलेत ते वाचून राहवले नाही. प्राण्यांना आपल्या जवळ येण्याने नेमके काय होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फिरकी डॉल्फिन रात्री खोल पाण्यात शिकार करतात आणि दिवसा उथळ उपसागरात येऊन विश्रांती घेतात. दिवसा तिथे माणसे पोहत आणि होड्या फिरत राहिल्या तर त्यांची झोपच मोडते. म्हणूनच हवाई बेटांच्या किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांच्या आत त्यांच्या ५० यार्डांहून, म्हणजे सुमारे ४५ मीटरहून, जवळ जाण्यास २०२१ पासून बंदी आहे. ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे माणसांच्या हातून मासे खाणाऱ्या डॉल्फिन माद्यांची पिल्ले इतर माद्यांच्या पिल्लांपेक्षा अधिक संख्येने दगावत असल्याचे आढळले आणि त्यानंतर खाऊ घालण्यावर कडक नियम आले. आई किनाऱ्यावर माणसांपाशी रेंगाळत राहिली की तिचे दूध पाजणे आणि पिल्लावर लक्ष ठेवणे कमी पडते.

किनाऱ्यावरून पाहतानाही थोडे भान हवे. ड्रोन खाली आणू नये, आणि प्राणी जवळ आले म्हणून पाण्यात उतरून त्यांच्याकडे पोहत जाऊ नये.

नियमित किनाऱ्यावर बसणाऱ्याला कधी ना कधी वाळूत अडकलेला प्राणी भेटतो, म्हणून तेही लिहितो. त्याला शेपटीला धरून ओढू नये आणि स्वतःच्या मनाने समुद्रात ढकलू नये. तो आजारी असल्यामुळेच किनाऱ्याला लागलेला असू शकतो आणि ढकललेला प्राणी पुन्हा येऊन आपटतो. आधी वन्यजीव किंवा किनारा-सुरक्षा यंत्रणेला कळवावे. तोवर तो पोटावर राहील असे पाहावे, छातीजवळच्या दोन्ही परांखालची वाळू थोडी उकरावी, ओल्या कापडाने अंग झाकावे, आणि डोक्यावरच्या श्वासरंध्रात पाणी किंवा वाळू जाणार नाही याची काळजी घ्यावी. गर्दीला आणि कुत्र्यांना दूर ठेवणे हे सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगाचे काम असते.

सागरवाट (प्रश्नकर्ता)

आज पहाटे वारा पडलेला होता म्हणून गेलो. समुद्र एक, ढगाळ आकाश, पाणी चढू लागून तास झाला होता. पहिल्या पाऊण तासात काही दिसले नाही आणि मी तशी ओळ वहीत लिहूनही टाकली.

त्यानंतर आवाज आला. नीलपृष्ठ यांनी दबलेल्या शिंकेची उपमा दिली आहे, ती अगदी नेमकी आहे. मी वळेपर्यंत पाण्यावर तेलकट दिसणारे एक गुळगुळीत वर्तुळ तेवढे उरले होते. दुर्बीण तिथेच धरून ठेवली. साधारण दोन मिनिटांनी, त्याच्या थोडे पुढे, पाठ वर आली, गडद करडी, पर लहान आणि त्रिकोणी, आणि तिच्या मागोमाग तिला जवळजवळ टेकून दुसरी, निम्म्या आकाराची. मोठी पाठ संथपणे वळत खाली जायची. लहान मात्र दर वेळी थोडी घाईने, डोके जरा जास्तच बाहेर काढून यायची, जणू श्वास घेण्याची रीत अजून अंगवळणी पडली नव्हती. पाच वेळा वर आली, पाचही वेळा दोघे एकत्र. त्यानंतर एक मोठी बुडी, आणि परत निघेपर्यंत काही नाही.

वहीत पुढीलप्रमाणे लिहिले आहे. काही राहिले असल्यास कृपया सांगावे. "सकाळी ६.१० ते ८.२०. समुद्र एक. भरती सुरू होऊन एक तास. ७.०२ ते ७.१४ पॉर्पॉइज दोन, त्यांपैकी एक पिल्लू. पहिल्या बोयाच्या अलीकडे, भूशिराच्या टोकाकडून आतल्या बाजूला. जवळ होडी नाही."